गोळ्यांना दाद न देणारी साखर: लाडा ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

चाळिशीच्या आसपास मधुमेह निघतो. वय पाहून कागदावर टाइप २ लिहिलं जातं आणि मेटफॉर्मिन सुरू होतं. काही महिने साखर बरी राहते. मग ग्लिमेपिराइड जोडलं जातं, वर्षभरात तिसरी गोळी येते. तरीही उपाशीपोटीची साखर १८०च्या खाली उतरत नाही आणि वजन मात्र उतरत राहतं. घरचे म्हणतात पथ्य पाळत नाही, डॉक्टर म्हणतात चालणं वाढवा. यातल्या काही माणसांचा दोष पथ्यात नसतोच. त्यांच्या मधुमेहाला दिलेलं नाव चुकलेलं असतं.

या मधुमेहाला वैद्यकीय भाषेत लाडा म्हणतात. प्रौढ वयात सुरू होणारा, सुप्त अवस्थेत असलेला स्वयंप्रतिकार मधुमेह असा त्या लघुरूपाचा अर्थ. काही जण त्याला टाइप दीड म्हणतात. लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते. इथेही तेच होतं, फक्त सावकाश. मुलांमध्ये निदानानंतर इन्सुलिन सहसा लगेच लागतं. इथे तो प्रवास काही महिन्यांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत रेंगाळू शकतो. या मधल्या काळात गोळ्या थोडंफार काम करतात आणि त्यामुळेच फसगत होते.

व्याख्या साधारण तीन अटींची आहे: निदानाच्या वेळी वय ३०च्या पुढे, रक्तात बीटा पेशींविरुद्धची किमान एक अँटिबॉडी (प्रतिकारयंत्रणेने बनवलेलं प्रथिन), आणि निदानानंतर किमान ६ महिने इन्सुलिनशिवाय भागलेलं असणं. यातली तिसरी अट कच्ची आहे. इन्सुलिन कधी सुरू झालं हे रोगापेक्षा डॉक्टरांच्या सवयीवर जास्त ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या वर्गीकरणात याला टाइप १ आणि टाइप २ यांच्या मधल्या मिश्र गटात ठेवलं, तर अमेरिकन डायबिटीस असोसिएशन त्याला सरळ टाइप १ मध्ये धरते. नावाचा हा वाद बाजूला ठेवा. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न एकच: माझं स्वादुपिंड आज किती इन्सुलिन बनवतंय, आणि ते किती वेगाने कमी होतंय? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाभोवती फिरते.

हा आजार किती जणांत असतो? युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांपैकी ९.७ टक्के लोकांत या अँटिबॉडी आढळल्या. चीनमध्ये टाइप २ समजल्या गेलेल्या नव्या रुग्णांत हे प्रमाण ५.९ टक्के निघालं. म्हणजे गोळ्या लागू न पडणारा प्रत्येक जण लाडाचा नसतो, बहुसंख्य नसतातच.

पहिली पायरी: संशय घ्यायचा की नाही

ऑस्ट्रेलियात तयार झालेली पाच प्रश्नांची एक सोपी चाळणी आहे. मधुमेह निघाला तेव्हा वय ५०च्या आत होतं का? तेव्हा खूप तहान, खूप लघवी, वजन घटणं अशी ठळक लक्षणं होती का? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५च्या खाली होता का? स्वतःला थायरॉइड, पांढरे डाग, सीलिएक (गहू न सोसल्याने आतड्याला होणारा आजार) किंवा संधिवातासारखा स्वयंप्रतिकार आजार आहे का? आई-वडील, भावंडं, मुलं यांत कुणाला असा आजार किंवा टाइप १ आहे का? पाचपैकी दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर अँटिबॉडी तपासणं योग्य. एक किंवा शून्य आलं तर लाडा नसण्याची शक्यता मूळ अभ्यासात ९९ टक्के होती.

ही चाळणी आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर मात्र गडबड होते. बीएमआय २५च्या खाली आणि वय ५०च्या आत हे वर्णन महाराष्ट्रातल्या साध्या टाइप २च्या असंख्य रुग्णांना लागू पडतं. भारतीयांमध्ये मधुमेह लवकर येतो आणि वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात चरबी बऱ्यापैकी असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने हे जन्माच्या वेळच्या मोजमापांपासून दाखवलं आहे: आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला कमी नसतात. म्हणून नुसतं बारीक असणं किंवा पन्नाशीच्या आत असणं हा इथे कमकुवत पुरावा धरावा. उरलेले तीन प्रश्न जास्त वजनदार. त्यांत आपण आणखी दोन घालू: कंबर न वाढता वजन सतत उतरतंय का, आणि दोन-तीन गोळ्या नीट घेऊनही वर्षभरात एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८च्या वर गेलंय का?

उलट बाजूही लक्षात असू द्या. लाडाचा रुग्ण जाड असू शकतो, त्याला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही असू शकतं. घरात टाइप २ भरपूर असला म्हणून लाडा बाद होत नाही. दोन्हीकडची जनुकं एकाच माणसात सापडतात.

गर्भारपणात मधुमेह निघालेल्या सडपातळ स्त्रीची साखर बाळंतपणानंतरही चढी राहिली, तर हा विचार आवर्जून करावा. आपल्याकडे हा गट सर्रास निसटतो.

संशय घेताना आणखी चार गोष्टी डोळ्यांपुढे हव्यात, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. पोटात वारंवार दुखणं आणि तेलकट, चिकट शौच असेल तर स्वादुपिंडातले खडे शोधावेत. सोनोग्राफीत किंवा साध्या एक्स-रेत ते दिसू शकतात. पंचविशीच्या आत निघालेला आणि सलग तीन पिढ्यांत असलेला मधुमेह मोडी नावाचा, म्हणजे एकाच जनुकाच्या दोषामुळे झालेला असू शकतो, आणि त्याच्या काही प्रकारांत ग्लिक्लाझाइडसारखी गोळी फार छान चालते. लहानपणापासून कुपोषित, अगदी हडकुळ्या तरुणांत इन्सुलिन कमी पण अँटिबॉडी नाहीत असा एक प्रकार असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला टाइप ५ असं नाव दिलं. आणि चौथी गोष्ट सर्वांत गंभीर: पन्नाशीनंतर अचानक मधुमेह, वजनात झपाट्याने घट, भूक गेलेली, पाठीत किंवा पोटात दुखणं, कावीळ, असं असेल तर अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट न पाहता स्वादुपिंडाचं सीटी स्कॅन विचारा. तिथे कर्करोग वगळणं आधी.

दुसरी पायरी: कोणत्या तपासण्या, कशा द्यायच्या

दोन तपासण्या हव्यात आणि त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. अँटिबॉडी सांगते, हल्ला चालू आहे का. सी-पेप्टाइड सांगतं, किल्ल्यात शिबंदी किती उरली आहे.

अँटिबॉडीत सुरुवात जीएडी-६५ पासून करा. लाडामध्ये सर्वाधिक सापडते ती हीच, आणि वर्षानुवर्षे रक्तात टिकते. ती निगेटिव्ह येऊनही संशय दाट असेल तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या दोन पुढच्या. इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी प्रौढांत सहसा मागवू नये. बाहेरून इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे झाले की ती उपचारामुळेही तयार होते आणि तिचा अर्थ लागत नाही. जीएडीला उपाशीपोटी जायची गरज नाही. खर्च एचबीएवनसीच्या कितीतरी पट असतो, म्हणून पहिल्या पायरीवरची चाळणी लावूनच पैसे घालावेत.

सी-पेप्टाइड म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा तुकडा. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे इन्सुलिन चालू असतानाही स्वतःचं उत्पादन यावरून मोजता येतं. ही तपासणी बिघडवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्या आधी टाळा:

– साखर ३००-४०० असताना किंवा कीटोअॅसिडोसिसमधून (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याच्या गंभीर अवस्थेतून) उठल्यावर दोन आठवड्यांच्या आत तपासलं तर थकलेल्या बीटा पेशी खोटा कमी आकडा देतात. आधी साखर आटोक्यात आणा.

– रक्तातली साखर ७०च्या आसपास असेल तर निरोगी स्वादुपिंडही हात आखडता घेतं. म्हणून त्याच नमुन्यातून साखरही मोजायला सांगा. साखरेचा आकडा शेजारी नसलेलं सी-पेप्टाइड अर्धंच वाचता येतं.

– जेवल्यानंतर पाच तासांच्या आत घेतलेला नमुना उपाशीपोटीच्या नमुन्यापेक्षा जास्त बोलका. उपाशीपोटी द्यायचाच असेल तर पुढच्या वेळीही उपाशीपोटीच द्या. एकदा असा आणि एकदा तसा दिला तर तुलना होत नाही.

– मूत्रपिंडं कमजोर असतील तर सी-पेप्टाइड शरीरात साठून आकडा फुगतो. क्रिएटिनिन सोबत हवं.

– केस गळतीसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं, कधी एका गोळीत १० मिलिग्रॅमपर्यंत. अनेक यंत्रांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असल्याने आकडे चुकतात. तीन दिवस आधी या गोळ्या बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा.

एचबीएवनसीबद्दल एक सूचना. शरीरात लोह कमी असेल तर ते खोटं जास्त येऊ शकतं. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. तिथे काही यंत्रांवर हा आकडा भरवशाचा राहत नाही. ग्लुकोमीटरवरची सरासरी आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तर सरासरी साखर सांगणारी फ्रुक्टोसामाइन ही पर्यायी तपासणी करून घ्या.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचणं

जीएडी पॉझिटिव्ह आली की लाडा नक्की, असं समजणं ही सर्वांत मोठी चूक. थोडा हिशेब करू. समजा टाइप २चं लेबल असलेल्या १,००० जणांची सरसकट तपासणी केली आणि त्यांत खरा लाडा ३० जणांना आहे. तपासणी खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी बाजूच्या २ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, असं धरा. खरे पॉझिटिव्ह २४ आले, खोटे ९७०च्या २ टक्के म्हणजे १९. पॉझिटिव्ह आलेल्या ४३ जणांत १९ चुकीचे! तीच तपासणी दाट संशय असलेल्या १,००० जणांवर केली, ज्यांत ३०० खरे आहेत, तर २४० खरे आणि फक्त १४ खोटे. चाळणीचा आग्रह यासाठीच.

म्हणून आकडा पाहा. प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या जरासा वर असेल, माणूस जाड असेल आणि गोळ्यांवर साखर ठीक असेल, तर दुसरी अँटिबॉडी तपासा किंवा काही महिन्यांनी जीएडी पुन्हा करा. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट असेल, किंवा दोन अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील, तर निदान भक्कम आणि इन्सुलिनची वेळही सहसा लवकर येते. वयाचाही वाटा असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदानावेळी ३५च्या आत असलेल्या जीएडी-पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८४ टक्क्यांना सहा वर्षांत इन्सुलिन लागलं. ५५च्या पुढच्यांत हेच प्रमाण ३४ टक्के होतं. म्हणजे साठीतला जीएडी-पॉझिटिव्ह माणूस बरीच वर्षं गोळ्यांवर राहू शकतो.

सी-पेप्टाइड आपल्याकडे बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतं आणि मार्गदर्शक तत्त्वं नॅनोमोल प्रति लिटरमध्ये बोलतात. नॅनोमोलला ३ ने गुणलं की नॅनोग्रॅम मिळतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने लाडासाठी तीन पट्टे ठरवले:

०.९ नॅनोग्रॅमच्या खाली: स्वतःचं इन्सुलिन संपत आलं आहे. उपचार टाइप १ सारखा, म्हणजे इन्सुलिन, तेही अनेक डोसांत.

०.९ ते २.१: मधला पट्टा. इथेच खरं कौशल्य लागतं.

२.१च्या वर: तूर्त टाइप २ सारखा उपचार चालेल, पण दर सहा महिन्यांनी सी-पेप्टाइड पुन्हा.

इथे एक सापळा आहे. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात ‘नॉर्मल १.१ ते ४.४’ असं काहीतरी छापलेलं असतं. १.३ आलं की रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो. पण ती मर्यादा निरोगी, उपाशी माणसाची आहे. रक्तात २५० साखर असताना सुदृढ स्वादुपिंडाने त्याहून कितीतरी जास्त इन्सुलिन ओतलं असतं. २५० साखरेला १.३ सी-पेप्टाइड म्हणजे कमीच.

शिवाय एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. २.४, सहा महिन्यांनी १.९, मग १.४ अशी रांग दिसली तर इन्सुलिनची तयारी आत्ताच सुरू करावी. जुने रिपोर्ट टाकू नका. एका वहीत तारीख, सी-पेप्टाइड, त्या वेळची साखर, क्रिएटिनिन आणि वजन असे पाच रकाने आखा.

चौथी पायरी: औषधं, कुठली ठेवायची आणि कुठली काढायची

पहिला बदल ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटाबाबत. या गोळ्या उरलेल्या बीटा पेशींना चाबूक मारून काम करून घेतात. लाडात त्यांनी साखर इन्सुलिनपेक्षा चांगली राहत नाही आणि इन्सुलिनवर जायची वेळ लवकर येते, असं दिसलं आहे; जपानमधल्या एका अभ्यासात सुरुवातीपासून थोडं इन्सुलिन दिलेल्यांचं सी-पेप्टाइड या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त टिकलं. तज्ज्ञगटाचा सल्ला स्पष्ट आहे: लाडात हा गट टाळा. अडचण अशी की आपल्याकडे ग्लिमेपिराइड बहुधा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत येतं आणि पाकिटावरच्या मोठ्या नावावरून कळत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मात्र स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. पर्याय सुरू न करता गोळी काढली तर साखर उसळते.

मेटफॉर्मिन पोटाचा घेर असलेल्यांना उपयोगी, अगदी काटकुळ्या रुग्णाला फारसं नाही. ते अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासत राहा. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांच्या गटाचं सी-पेप्टाइड टिकवण्याबाबत थोडं आशादायक चित्र आहे, पण अभ्यास लहान आहेत. नुकसान नाही एवढं म्हणता येतं.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे जिवावर बेतू शकतं. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. जेनेरिक आल्यापासून त्या स्वस्त झाल्या आणि सर्रास लिहिल्या जातात. हृदय आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा खरा आहे. पण ज्याच्या शरीरात इन्सुलिनच कमी आहे त्याची साखर लघवीतून गेल्यामुळे आकडा छान दिसतो आणि आत मात्र चरबी जळून कीटोन साठत जातात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, आणि ग्लुकोमीटरवर फक्त १८०! साखर ठीक आहे म्हणून रुग्ण घरी थांबतो, कधी दवाखान्यातही अॅसिडिटी म्हणून परत पाठवलं जातं. सी-पेप्टाइड खालच्या पट्ट्यात असेल तर ही गोळी नको. मधल्या पट्ट्यात द्यायचीच असेल तर कीटोन मोजायची सोय घरात असावी. ती घेत असताना कडक उपवास, भात-पोळी पूर्ण बंद करणारा आहार, दारू, उलट्या-जुलाब आणि शस्त्रक्रिया हे पाचही प्रसंग धोक्याचे. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस गोळी थांबवावी लागते. भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा.

सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं वजनदार आणि सी-पेप्टाइड चांगलं असलेल्या रुग्णालाच शोभतात. ती सुरू झाली म्हणून इन्सुलिन झटकन कमी केल्याने कीटोअॅसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत.

मधुमेह ‘रिव्हर्स’ करून देणाऱ्या कार्यक्रमांची सध्या चलती आहे. टाइप २ मध्ये वजन घटवून औषधं सुटू शकतात, हे खरं. लाडात पिठूळ पदार्थ तोडल्यावर काही आठवडे साखर सुंदर दिसते, त्यावर इन्सुलिन बंद केलं जातं, आणि पुढचा ताप किंवा जुलाब थेट अतिदक्षता विभागात नेतो. असा कार्यक्रम सुरू करण्याआधी सी-पेप्टाइड मागत नसतील, तर तिथून उठून यावं.

पाचवी पायरी: इन्सुलिन सुरू करताना

लाडात इन्सुलिन हा शेवटचा उपाय नव्हे. लवकर आणि थोडं दिलं तर उरलेल्या पेशींवरचा भार हलका होतो आणि साखरेचे झोके कमी बसतात.

सुरुवात सहसा दिवसातून एकदा घ्यायच्या दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनने, वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट. ६० किलोच्या माणसाला ६ ते १२ युनिट. लाडाचे बारीक रुग्ण इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून त्यांना खालच्या टोकापासून सुरू करणं शहाणपणाचं. उपाशीपोटीची साखर ८० ते १३० हे लक्ष्य. तीन दिवस सलग १३०च्या वर राहिली तर २ युनिट वाढ, ७०च्या खाली गेली तर १० ते २० टक्के कपात. हे बदल डॉक्टरांनी आखून दिलेल्या चौकटीतच करायचे. उपाशीपोटीची साखर जागेवर आली पण जेवणानंतरची २०० ओलांडतेय, तर सर्वांत मोठ्या जेवणाआधी झटपट परिणामाचं इन्सुलिन जोडायची वेळ झाली. झटपट आणि लांबणाऱ्या परिणामाच्या इन्सुलिनचं ३०/७० मिश्रण स्वस्त आणि सोयीचं, पण जेवणाच्या वेळा घड्याळासारख्या पाळाव्या लागतात.

आता आपल्याकडची खास चूक. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात, तर पेन आणि कार्ट्रिज १०० युनिटचे. काही बाटल्याही १००च्या मिळतात. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात २५ युनिट जातात, अडीच पट. उलट केलं तर ४ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही हे कुणाला कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक खरेदीला जुळवून पाहा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका.

सुई ४ मिलिमीटरची पुरते, लठ्ठ माणसालाही. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज जागा बदलत टोचा. एकाच सोयीच्या जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ होते, दुखत नाही म्हणून आवडते, आणि तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं. साखर विनाकारण वरखाली होत असेल तर डोस बदलण्याआधी पोटावरून हात फिरवून गाठी शोधा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं. वापरात असलेलं २५-३० अंशांपर्यंत साधारण २८ दिवस टिकतं. चंद्रपूर, अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बंद पिशवीत बाटली. एसटीत बॅग खिडकीच्या उन्हात नको. विमानात सामानाच्या पोटात नको, हातातल्या पिशवीत ठेवा.

साखर ७०च्या खाली, किंवा घाम, थरथर, छातीत धडधड: तीन लहान चमचे साखर पाण्यात किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. स्कूटरवर बसण्याआधी ९०च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

आजारपण, उपवास आणि ताट

ताप असो वा उलट्या, ‘खात नाही म्हणून इन्सुलिन नको’ हा विचार लाडात घातक. आजारपणात शरीराला इन्सुलिन जास्तच लागतं. दीर्घ परिणामाचा डोस चालू ठेवा, साखर दर चार तासांनी मोजा, थोडं थोडं पाणी, पेज, सरबत पोटात जाऊ द्या. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन गट उलट्या थांबेपर्यंत बंद. रक्तातले कीटोन ०.६च्या खाली ठीक, १.५च्या वर डॉक्टरांना फोन; ३ झाले, उलट्या थांबत नाहीत किंवा श्वास खोल आणि जड झाला, तर रुग्णालय, मग साखर कितीही असो.

उपवासाचं आपलं गणित उलटं आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशीची खिचडी साखर पोळी-भाजीपेक्षा जास्त चढवते. फक्त दीर्घ परिणामाचं इन्सुलिन घेणाऱ्याला डोस किंचित घटवून उपवास जमू शकतो. ३०/७० घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये. उपवास करायचाच असेल तर फराळात भगर थोडी, दही आणि शेंगदाणे जास्त.

रोजच्या ताटात पिठूळ पदार्थांचा अंदाज घ्यायला शिका, कारण जेवणाआधीचा डोस त्यावर बसतो. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं, २५ ग्रॅम कणकेच्या पोळीत १७ च्या आसपास. आठवडाभर स्वयंपाकघरात पीठ तोलून पाहिलं की नजर बसते. बारीक रुग्णाने वजन उतरवण्याचा आहार घेऊ नये. त्याला प्रथिनं आणि पोटभर जेवण हवं.

दरवर्षीची यादी

प्रतिकारयंत्रणा एका अवयवावर उठली की दुसऱ्यावरही उठू शकते, त्यात थायरॉइड सर्वांत पुढे. निदानावेळी टीएसएच आणि अँटी-टीपीओ करून घ्या, पुढे टीएसएच दर एक-दोन वर्षांनी. वारंवार पोट फुगणं, जुलाब, औषधाने न सुधारणारा अॅनिमिया असेल तर सीलिएकसाठी टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए. सीलिएक निघालाच तर ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ खाणाऱ्या घराला फार अडत नाही. अडतं ते डबीतल्या हिंगाशी, कारण त्यात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. कारणाशिवाय साखर वारंवार घसरू लागली, इन्सुलिन कमी कमी लागतंय, थकवा आहे आणि त्वचा काळवंडतेय, तर अॅड्रिनल ग्रंथी तपासायला सांगा. हे क्वचित घडतं, पण चुकवू नये.

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही टाइप २ची यादी इथेही तशीच. यूकेपीडीएसच्या दीर्घ पाहणीत लाडा रुग्णांमध्ये डोळे-मूत्रपिंडांचे त्रास पहिली नऊ वर्षं टाइप २पेक्षा कमी आणि नंतर जास्त दिसले. फरकाचं कारण प्रामुख्याने ढिला साखर-ताबा होता.

डॉक्टरांकडे दहा मिनिटंच मिळतात. त्यासाठी एक पान घेऊन जा: निदानाचा महिना आणि तेव्हाचं वजन, आजचं वजन, सुरू झालेली प्रत्येक गोळी आणि तारीख, शेवटची तीन एचबीएवनसी, घरातले थायरॉइड व टाइप १चे रुग्ण. खाली एकच प्रश्न: ‘जीएडी आणि जेवणानंतरचं सी-पेप्टाइड साखरेसह करू या का?’ निदान ठरलं की फाइलच्या पहिल्या पानावर, मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आणि घरच्यांकडे एक ओळ लिहून ठेवा: ‘स्वयंप्रतिकार मधुमेह, इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.’ अपघातात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी टाइप २ समजून इन्सुलिन थांबवलं जातं, ते या ओळीने टळतं.